आवाज आला कुठून

डेव्ह कलन यांचं ‘कोलंबाइन’ हे पुस्तक वाचलेली माणसं एकत्र बसली, की गप्पा बराच वेळ एकाच वाटेनं जातात. जो तो आपल्याला आधी काय ठाऊक होतं ते सांगतो, आणि त्यातलं किती खोटं निघालं तेही. माझ्या डोक्यात बसलेली गोष्ट अशी होती: अमेरिकेतल्या एका हायस्कुलात काळे लांब कोट घालणारी, कुणात न मिसळणारी दोन मुलं होती. शाळेतल्या खेळाडू पोरांनी त्यांना छळलं, एक दिवस त्यांचा बांध फुटला आणि त्यांनी छळणाऱ्यांना हेरून गोळ्या घातल्या. ही गोष्ट मला कुणी सांगितली, कधी सांगितली, काही आठवत नाही. ती होतीच. पुस्तक मिटलं तेव्हा तिच्यातला जवळजवळ एकही टाका शाबूत नव्हता.

त्या दोघांची नावं मी इथे लिहीत नाही. त्यांच्यानंतर शाळांवर हल्ले करणाऱ्या कितीतरी मुलांनी ती नावं जपली, गिरवली. एक अठरा वर्षांचा होता, दुसरा सतरा, एवढं पुरे.

कोलोरॅडोमध्ये, डेन्व्हर शहराच्या दक्षिणेला, लिटलटनजवळ कोलंबाइन हायस्कूल आहे. तेव्हा तिथे विद्यार्थी सुमारे दोन हजार. २० एप्रिल १९९९, मंगळवार. त्या दिवशी बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, वीसहून अधिक जखमी झाले, आणि त्या दोघांनी शेवटी ग्रंथालयात स्वतःला संपवलं. हे सगळं आपण ‘शाळेतला गोळीबार’ या नावानं ओळखतो. कलन यांच्या पुस्तकाचा पहिला धक्का इथेच बसतो, कारण मुळात तो गोळीबार म्हणून ठरलेलाच नव्हता.

शाळेच्या कॅन्टीनमध्ये दोन मोठ्या बॅगा ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीत वीस पौंडी, म्हणजे सुमारे नऊ किलोंची, प्रोपेन गॅसची टाकी, स्फोटाची जोडणी आणि घड्याळ. वेळ लावली होती अकरा वाजून सतरा मिनिटांची. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीन कधी सर्वांत जास्त भरतं, हे थोरल्यानं मुलं मोजून टिपून ठेवलं होतं. ग्रंथालय नेमकं कॅन्टीनच्या डोक्यावर. स्फोट झाला असता, तर वरचं ग्रंथालय खालच्या जेवणाऱ्या मुलांवर कोसळलं असतं. बाहेर पळत येणाऱ्यांना टिपण्यासाठी दोघं बंदुका घेऊन वाहनतळावर थांबणार होते, आणि मग मदतीला येणाऱ्या पोलिसांसाठी, डॉक्टरांसाठी, पत्रकारांसाठी त्यांच्या दोन मोटारींमध्ये आणखी बॉम्ब होते. एकही मोठा बॉम्ब फुटला नाही. अकरा एकोणीसला त्यांनी गोळ्या झाडायला सुरुवात केली, ती मूळ बेत फसल्यावर.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. बॉम्ब माणसं निवडत नाही. कॅन्टीनमध्ये त्या वेळी शेकडो मुलं असत: खेळाडू, अभ्यासू, बुजरी, त्या दोघांचे स्वतःचे मित्रसुद्धा. छळणाऱ्यांना हेरून मारल्याची गोष्ट त्या दोन बॅगांपुढे टिकत नाही. हा पुरावा दडवलेला नव्हता. बॅगा काही दिवसांतच सापडल्या होत्या. तरीही जगानं ‘सूड’ हाच शब्द धरून ठेवला.

का धरला, हे शोधायला गेलं की खरं नवल सुरू होतं.

मुलं मारली गेली ती पहिल्या सोळा-सतरा मिनिटांत. दुपारी बारा वाजून आठ मिनिटांच्या सुमारास ते दोघंही मेलेले होते. बाहेर मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांची तेव्हाची रीत अशी, की इमारतीला वेढा घालायचा आणि विशेष पथकाची वाट पाहायची. पथक खोली खोली तपासत पुढे सरकत होतं. वरच्या मजल्यावर एका शिक्षकाला गोळ्या लागल्या होत्या. त्यांच्याजवळच्या मुलांनी एक माणूस रक्तस्रावानं मरतो आहे असं फळ्यावर लिहून तो खिडकीत लावला. मदत पोचायला तीन तासांहून जास्त वेळ लागला. ते वाचले नाहीत. (अमेरिकेतल्या पोलिसांनी ही रीत पुढे बदलली: आता सर्वांत आधी पोचलेल्यांनी न थांबता आत शिरायचं असतं.)

या काही तासांत दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. वर्गांत दडून बसलेल्या काही मुलांजवळ मोबाइल होते. ती वाहिन्यांना फोन करत होती आणि त्याच वेळी वर्गातल्या टीव्हीवर आपलीच बातमी पाहत होती. एकानं लांब कोट पाहिला होता. ते खरंच होतं, दोघांनी कोट घातले होते. शाळेत ‘ट्रेंच कोट माफिया’ म्हणवणारा मुलांचा एक कंपू होता, हेही खरं. पण त्यातली बहुतेक मुलं तोवर शाळा सोडून गेलेली होती आणि शाळेच्या वार्षिकात छापलेल्या त्या कंपूच्या फोटोत हे दोघं नाहीत. कुणीतरी दोन्ही गोष्टी जोडल्या. वाहिनीनं ते सांगितलं, आतल्या मुलानं ते ऐकलं, आणि तासाभरानं बाहेर पडून माइकसमोर उभं राहिल्यावर त्यानं तेच सांगितलं, आता प्रत्यक्षदर्शी म्हणून. दोन हजारांच्या शाळेत बहुतेकांची त्या दोघांशी ओळखही नव्हती. तरी संध्याकाळपर्यंत सगळे त्यांना ओळखत होते. शेरीफसाहेबांनी पंचवीसपर्यंत माणसं मेली असावीत असं सांगून टाकलं, आणि तो आकडाही जगभर गेला.

यात कुणी खोटं बोललं नाही, हेच मला सर्वांत अचंबित करतं. गोधडी शिवताना प्रत्येक तुकडा खऱ्या लुगड्याचा असतो, तसं झालं. तुकडे खरे होते. शिवण मात्र घाईतली होती, आणि पुढची कित्येक वर्षं लोक ती गोधडी म्हणजेच मूळ लुगडं समजत राहिले.

आठवणीचं हे वागणं मानसशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाचा स्फोट झाला, तेव्हा अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तुम्ही तेव्हा काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या चव्वेचाळीस जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अकरा जणांचं एकही उत्तर पहिल्याशी जुळलं नाही. तरीही अनेकांची आपल्या आठवणीबद्दल छातीठोक खात्री होती. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण कुणालाच परत आली नाही. आपण आठवण काढतो तेव्हा ती पेटीतून बाहेर येत नाही, दर वेळी नव्यानं रचली जाते. मधल्या काळात जे ऐकलं, वाचलं, तेही त्या रचनेत बेमालूम मिसळून जातं.

हे सगळं ठाऊक असूनही कोलंबाइनच्या ग्रंथालयातली एक गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

घटनेनंतर काही दिवसांतच एक कथा देशभर पसरली. हल्लेखोरानं टेबलाखाली दडलेल्या एका मुलीला विचारलं, की तुझा देवावर विश्वास आहे का. ती हो म्हणाली आणि त्यानं तिला मारलं. चर्चमधून प्रवचनं झाली, गाणी झाली, आणि तिच्या आईनं लिहिलेलं ‘शी सेड येस’ हे पुस्तक त्याच वर्षी आलं. ती मुलगी खरोखर गेली होती. तो संवाद ऐकलेला मुलगाही खरा होता; तो दुसऱ्या टेबलाखाली जीव मुठीत धरून पडला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं, आवाज मात्र ऐकला होता. पण त्या मुलीच्याच टेबलाखाली तिच्या शेजारी दडलेली आणखी एक मुलगी वाचली होती, आणि ती सांगत होती की असं काही बोलणं झालंच नाही.

तपास अधिकारी त्या मुलाला पुन्हा ग्रंथालयात घेऊन गेले. आवाज कुठून आला, ते दाखव म्हणाले. त्यानं बोट दाखवलं ते टेबल त्या मुलीचं नव्हतं. तिथे दुसरी एक मुलगी होती. तिला आधी गोळ्या लागल्या होत्या, ती वेदनेनं देवाचं नाव घेत होती, आणि म्हणून तिला तो प्रश्न विचारला गेला. तिनं हो म्हटलं. आणि ती जगली. मुलाच्या कानांनी अचूक ऐकलं होतं, फक्त त्या आवाजाला त्याच्या मनानं ओळखीचा चेहरा दिला होता. आपण चुकलो हे कळल्यावर तो मुलगा कोलमडला, असं सांगतात. सप्टेंबर १९९९ मध्ये कलन यांनी ‘सलॉन’ या संकेतस्थळावर आणि डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ या दैनिकानं हे छापलं. कथा तरीही थांबली नाही. खरोखर हो म्हणालेली मुलगी आपला अनुभव सांगू लागली, तेव्हा ती दुसरीचं श्रेय लाटते आहे असं काहींना वाटलं.

कलन यांनी या पुस्तकावर जवळजवळ दहा वर्षं घालवली. ते एप्रिल २००९ मध्ये आलं. रचना दुपदरी आहे. एक धागा त्या मंगळवारपासून पुढे जातो, दुसरा मागे जाऊन हळूहळू त्या मंगळवारपर्यंत येतो. त्यांचा मोठा आधार एफबीआयचे मानसशास्त्रज्ञ ड्वेन फ्यूझेलियर. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत शिकत होता. रोजनिश्यांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की ही दोन अगदी वेगळी मनं होती. थोरला दुसऱ्याच्या वेदनेबद्दल पूर्ण कोरडा, वागायला मात्र गोड. जानेवारी १९९८ मध्ये दोघं एका गाडीतून चोरी करताना पकडले गेले, तेव्हा त्यानं मालकाला पश्चात्तापानं ओथंबलेलं माफीपत्र लिहिलं आणि रोजनिशीत त्याच मालकावर गरळ ओकली. सुधारणा कार्यक्रमातून दोघांना चांगल्या शेऱ्यानिशी मुदतीआधीच मोकळं केलं गेलं. धाकटा खोल नैराश्यात. त्याच्या वहीत हृदयाची चित्रं आणि मरणाची ओढ.

वाचकांचं भांडण जुंपतं ते इथे, आणि ते जुंपायलाच हवं. कलन छळाला फार कमी महत्त्व देतात, असं अनेकांना वाटतं. त्या शाळेत छळ होता असं सांगणारी माणसं आहेत, राल्फ लार्किन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे. मलाही वाटतं, की मेलेल्या त्या दोघांच्या मनाबद्दल कलन जरा जास्तच खात्रीनं बोलतात. एक गोधडी उसवणाऱ्यानं दुसरी फार नीटनेटकी शिवू नये. २००२ साली अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं मिळून शाळांवरच्या सदतीस हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बऱ्याच हल्लेखोरांनी छळ सोसला होता. पण ‘असा मुलगा असला की तो हल्ला करणार’ असं कुठलंही एक चित्र निघालं नाही. काही एकलकोंडे, काही मित्रांच्या गराड्यातले, काही वर्गात पहिल्या रांगेतले. सारखी निघालेली गोष्ट वेगळीच होती: दहांतल्या आठ प्रकरणांत निदान एका माणसाला आधी कुणकुण लागलेली होती, आणि तो माणूस बहुधा बरोबरीचाच मुलगा किंवा मुलगी.

कोलंबाइनमध्ये तर पोलिसांनाही लागली होती. थोरल्याच्या संकेतस्थळावरच्या धमक्यांची तक्रार एका कुटुंबानं १९९८ मध्येच केली होती, घराच्या झडतीसाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशासमोर गेलाच नाही. घटनेनंतर अधिकाऱ्यांनी तो कागद दडवला आणि २००१ पर्यंत तो लोकांसमोर आला नाही. पुस्तकातला हा भाग वाचताना माझा संताप झाला, आणि तो अजून उतरलेला नाही.

ग्रंथालयात आवाज ऐकलेला तो मुलगा ज्या जागी उभा राहून बोट दाखवत होता, ती जागा आता नाही. मारल्या गेलेल्या मुलांच्या कुटुंबांनी वर्गणी जमवली, जुन्या ग्रंथालयाची जमीन काढून टाकली आणि नवं ग्रंथालय बाजूला बांधलं. त्यामुळे खालचं कॅन्टीन आणि वरचं ग्रंथालय यांची मिळून एकच उंच, उजेडाची जागा झाली आहे. वर छताला झाडं रंगवली आहेत, जंगलात उताणं पडून पाहावं तशी. मुलं खाली डबे उघडतात आणि मान वर केली की त्यांना फांद्या दिसतात.