बिलात न दिसणारा मुक्काम
लांबचा दवाखाना : लेखांक 5

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, आता बऱ्या होणाऱ्या आजारांत मोडतो, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. श्रीमंत देशांत अशी 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. या आकड्यामागे एक अट दडलेली असते : उपचार पुरे झाले पाहिजेत. आपल्याकडे काही मुले औषध लागू न पडल्यामुळे हातची जातात, तर काही औषध लागू पडत असताना उपचार मध्येच सुटल्यामुळे. या दुसऱ्या गटाबद्दल हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की लांबून आलेल्या कुटुंबाचा शहरातला मुक्काम हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याचा खर्च सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये धरला पाहिजे.

बीदर जिल्ह्यातल्या औराद-भालकीकडचे एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. तिथून बेंगळुरू रात्रभराच्या प्रवासावर. निपाणी-खानापूरकरांनाही पाचशे किलोमीटरच्या आसपास पडते. 1973 साली सुरू झालेली किदवई ही तिथली सरकारी कर्करोग संस्था, आणि उत्तर कर्नाटकातल्या गरिबाची फाइल बहुधा तिथेच उघडते. पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा. त्यानंतर सहा-आठ महिने केमोच्या फेऱ्या, आणि मग रोजच्या गोळ्या व ठरलेल्या तपासण्या, असे मिळून दोन-अडीच वर्षे. यातल्या पहिल्या सात-आठ महिन्यांत मूल बराच काळ खाटेवर नसतेच. डॉक्टर डिस्चार्ज देतात आणि त्याच दमात सांगतात, गावी जाऊ नका. कारण केमोने पांढऱ्या पेशी उतरतात, ‘काउंट पडतो’, आणि अशा वेळी ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. दवाखान्यापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या मुलाला हा तास मिळतो. सातशे किलोमीटरवरच्या मुलाला तो मिळत नाही. स्वच्छ खोली, उकळलेले पाणी, घरी शिजवलेले ताजे अन्न यांचा हिशोबही याच खात्यात मांडायचा.

आणि नेमका हाच काळ कोणत्याही हिशोबात बसत नाही. आपल्या आरोग्य योजना खाट मोजतात, शस्त्रक्रिया मोजतात, केमोची फेरी मोजतात. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले आहे. 2023 मध्ये ही योजना कर्नाटकाच्या मराठी सीमाभागातल्या 865 गावांना लागू करण्याचा निर्णयही झाला. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये पूर्ण माफी देते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. कर्नाटकात जून 2023 पासून राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचे तिकीट लागत नाही, म्हणजे आईचा प्रवास फुकट. मात्र ही सवलत स्लीपर बसला नाही, आणि काउंट पडलेल्या मुलाला गच्च भरलेल्या साध्या बसमधून रात्रभर नेणे कोणताही डॉक्टर मान्य करणार नाही. थोडक्यात, जाण्या-येण्याची थोडीफार सोय आपण केली. राहण्याची जवळजवळ सगळी दानधर्मावर सोडली. बेंगळुरूत खोली म्हटली की आधी अनामत रक्कम येते. तिकडे बापाची मजुरी बुडालेली, गावात आजीकडे ठेवलेले दुसरे मूल, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मूल वरवर बरे दिसू लागले की घरात कोणीतरी म्हणतेच, ‘आता कशाला?’

मुक्कामाची सोय झाली तर उपचार सुटत नाहीत, याला पुरावा काय? ब्राझीलच्या रेसिफे शहरातला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे 1980च्या दशकात या ल्युकेमियाची 16 टक्के मुले उपचार सोडत. कुटुंबांच्या राहण्याचीही सोय झाल्यावर, 1997 ते 2002 या काळात, हे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आले, आणि आजार न उलटता पाच वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण 32 वरून 63 टक्क्यांवर गेले. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात 2009 मध्ये साधारण पाचातले एक मूल उपचार नाकारून किंवा सोडून जाई. निवास, धान्य, समुपदेशन आणि न आलेल्यांना फोन करून शोधण्याची व्यवस्था उभी राहिल्यावर हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास आले. चिकित्सक वाचक लगेच म्हणेल की एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या, मग श्रेय मुक्कामाला कसे? शंका रास्त आहे. रेसिफेत उपचारपद्धतीही सुधारली होती, आणि जगण्यातली सगळी वाढ खोल्यांच्या नावावर टाकता येणार नाही. पण उपचार सोडण्याचे प्रमाण नुसत्या चांगल्या औषधाने कमी होत नाही. औषध जितके कडक, तितका मुक्काम लांबतो आणि सोडून जाण्याची ओढ वाढते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : माणसांना बेंगळुरूत ठेवण्यापेक्षा उपचारच कलबुर्गीला न्या. किदवईचे उपकेंद्र तिथे आहेच. गोळ्यांचा टप्पा, रक्ततपासण्या, तापाची पहिली सुई हे जिल्ह्याच्या गावी व्हायलाच हवे, आणि तसे झाले तर मुक्काम बराच घटेल. तरीही नेमके निदान, पहिले महिने आणि अवघड गुंतागुंत मोठ्या केंद्राबाहेर हलवता येत नाहीत. बालकर्करोगाचे तज्ज्ञच मोजके आहेत. म्हणून दोन्ही मार्ग हवेत. पैसे कुठून आणायचे, या तिसऱ्या प्रश्नाला तर आपल्या सरकारने स्वतःच उत्तर देऊन ठेवले आहे. 2018 पासून क्षयरोग्याच्या खात्यात आहारासाठी दरमहा 500 रुपये जमा होऊ लागले, 2024 मध्ये ते 1000 झाले. अन्न हा क्षयाच्या उपचाराचा भाग असेल, तर छप्पर हा ल्युकेमियाच्या उपचाराचा भाग का नसावा? शिवाय पाचव्या महिन्यात मूल निघून गेले तर आधीच्या पाच महिन्यांचा सरकारी खर्चही मातीमोल होतो.

दानधर्माला कमी लेखण्याचे कारण नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी टाटाच्या दारातल्या किती कुटुंबांना सावरले आहे! किदवईच्या आवारातही धर्मशाळा आहे. पण धर्मशाळेत जागा मिळते ती रिकामी असेल तर. हक्काने मागता येत नाही.

योजना बदलेपर्यंत नातलगांच्या हाती बरेच आहे. अशा घराला पहिल्या आठवड्यात फळांची पिशवी घेऊन भेटायला जाऊ नका. गर्दीने संसर्ग वाढतो. गावातल्या मुलाची शाळा आणि शेताची पाळी वाटून घ्या, प्लेटलेट्स देणाऱ्यांची यादी तयार ठेवा. आणि चौथ्या महिन्याचे खोलीभाडे कोण भरणार, ते आजच ठरवून त्या बापाला कळवा.