एकतीस वेळा दुप्पट, त्यातून एक वजा

आज मी तुम्हाला एका मोठ्या संख्येची ओळख करून देणार आहे. २,१४,७४,८३,६४७. वाचतानाच दम लागतो ना? ही मूळ संख्या आहे.

मूळ संख्या म्हणजे काय? बारा चिंचोके घ्या. तीन-तीनच्या चार ओळी होतात. आता तेरा घ्या. कसेही मांडा, सारख्या ओळी होत नाहीत. सगळे एकाच रांगेत बसवावे लागतात. म्हणून तेरा ही मूळ संख्या.

आपली मोठी संख्या अशी तयार होते : एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, असे एकतीस वेळा करायचे आणि शेवटी एक वजा करायचा. मी वहीत लहान संख्या करून पाहिल्या. तीन वेळा दुप्पट केली तर ७, पाच वेळा ३१, सात वेळा १२७. सगळ्या मूळ! पण अकरा वेळा केली की २०४७ येतात, आणि २३ × ८९ = २०४७. झालं, तिथे गाडी अडली.

फ्रान्समधील मेर्सेन या धर्मगुरूंनी १६४४ साली अशा मूळ संख्यांची यादी छापली. तिच्यात ३१ होते, ६७ पण होते. पण विद्वान माणूस म्हणाला म्हणून गणित सुटत नाही. ताळा करावाच लागतो.

ताळा कसा करायचा? एखादा भाजक मोठा असला, तर त्याचा जोडीदार लहान असतो. म्हणून वर्गमूळापर्यंत तपासले की पुरे. इथे ते ४६,३४० पर्यंत येते. तरी इतके भागाकार करायचे कोणी?

ऑयलर हे थोर गणिती तेव्हा रशियात होते. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. पण युक्ती शाबूत होती. अशा संख्येच्या भाजकाला ६२ ने (३१ च्या दुपटीने) भागले तर बाकी १ च उरते. आणि ८ ने भागले तर १ किंवा ७. दोन्ही अटी पाळणाऱ्या संख्या पावणेचारशेहूनही कमी निघाल्या. एकानेही भाग गेला नाही. १७७२ साली सिद्ध झाले : संख्या मूळच!

६७ ची संख्या मात्र नापास झाली. अमेरिकेतील कोल यांनी १९०३ साली तिचे दोन भाजक काढून दाखवले.

२०२४ साली याच जातीची एक मूळ संख्या संगणकाने सापडली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती लिहायला आपल्या शाळेच्या सगळ्या भिंती पुरायच्या नाहीत.

आता तुमची पाळी. तेरा वेळा दुप्पट, वजा एक : ८१९१. हिच्या भाजकाला २६ ने भागून बाकी १ उरायला हवी, आणि तपासायचे ९० पर्यंतच. २७, ५३ आणि ७९ एवढ्याच संख्या उरतात. २७ ला ३ ने भाग जातो, पण ८१९१ ला जात नाही, म्हणून ती सोडा. राहिले दोनच भागाकार. सांगा, ८१९१ मूळ आहे का? माझ्यावर विश्वास ठेवू नका, पाटी घ्या!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी