गोष्ट वळेल तशी

उमरेडला आमच्या छपरीत नातू मोबाईलवर खेळत होता. खेळ कसला, ती तर गोष्टच! 'लाइफ इज स्ट्रेंज' तिचे नाव. फ्रान्समधल्या मंडळींनी २०१५ साली ती केली. पुस्तकातली गोष्ट आपण नुसती वाचतो. इथे मधेच प्रश्न येतो. आपण बोट ठेवू, तशी गोष्ट वळते. चुकले तर गोष्टीतली पोरगी काळ मागे फिरवते, बरं का! शेवटी मोठे वादळ येते. मैत्रीण वाचवायची, की सारे गाव? दोन्ही वाचत नाहीत. नातवाने मैत्रीण वाचवली.

शेजारची पोरगी म्हणाली, "अन् गावातल्या लेकराईचं काय?"

खेळणाऱ्यांपैकी शेकडा किती कुणीकडे गेले, हेही खेळ दाखवतो. पण ते पाहतो कोण? आमचा वाद जुंपला होता. आम्ही गावाच्या बाजूचे.

नातू म्हणाला, "आबाजी, तुमची मैत्रीण असती तर?"

आम्ही गप्प बसलो.