बारा वेळा पहिला क्रमांक

अमुक एक गाणे फार लोकप्रिय झाले, असे आपण सहज बोलून जातो. परंतु लोकप्रियता मोजायची कशी? ज्यांनी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ ऐकली असेल, त्यांना ‘पायदान’ हा शब्द आठवेल. या आठवड्यात कोणते गाणे किती पायऱ्या वर चढले, कोणते खाली घसरले, हे ऐकण्यासाठी घरोघरी माणसे रेडिओभोवती जमत. अमेरिकेत अशा याद्या छापण्याचे काम ‘बिलबोर्ड’ हे व्यावसायिक साप्ताहिक करीत आले आहे. दुकानांतील तबकड्यांची विक्री आणि आकाशवाणी केंद्रांवरील वादन या दोहोंची सांगड घालून शंभर गाण्यांची जी यादी ते प्रसिद्ध करू लागले, तिचे नाव ‘हॉट हंड्रेड’. ४ ऑगस्ट १९५८ रोजी ती प्रथम प्रसिद्ध झाली.

या यादीत डिसेंबर १९६९ पर्यंत एका मुलींच्या गायनसमूहाने बारा वेळा पहिला क्रमांक मिळवला. त्या दशकात त्यांच्यापुढे केवळ इंग्लंडचे बीटल्स होते. समूहाचे नाव ‘द सुप्रीम्स’. बारा हा आकडा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र तो आकडा नेमका कोणाचा, हा प्रश्न विचारू लागलो की गोष्ट निराळी होते.

मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात, कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबांच्या सरकारी वसाहतीत फ्लॉरेन्स बॅलार्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस या मुली वाढल्या. १९५९ साली, पंधरा-सोळा वर्षांच्या असताना, आणखी एका मैत्रिणीसह त्यांनी गायनसमूह स्थापन केला. त्यात पुढाकार फ्लॉरेन्सचा होता आणि आवाजही तिचाच सर्वांत भारदस्त होता. समूहाचे पहिले नाव ‘प्रायमेट्स’. त्याच वर्षी त्याच शहरात बेरी गॉर्डी या तरुणाने घरच्या मंडळींच्या सामायिक ठेवीतून आठशे डॉलर उसने घेऊन एक ध्वनिमुद्रण संस्था काढली होती. तीच पुढे ‘मोटाउन’ या नावाने जगभर ओळखली गेली. मुली गाऊन दाखवायला गेल्या, तेव्हा गॉर्डीने त्यांना आधी शाळा पुरी करण्याचा सल्ला दिला. त्या काही घरी बसल्या नाहीत. रोज तेथे जाऊन बसत, दुसऱ्यांच्या गाण्यांत टाळ्यांची साथ करीत. अखेर जानेवारी १९६१ मध्ये करार झाला. करारापूर्वी नवे नाव हवे होते. पुढे आलेल्या नावांतून ‘सुप्रीम्स’ हे फ्लॉरेन्सने निवडले. इतर दोघींना ते फारसे रुचले नव्हते.

पुढली तीन वर्षे कोरडी गेली. त्यांच्या तबकड्या निघत आणि विरून जात. १९६२ मधील एक गाणे यादीत जेमतेम ९५ व्या स्थानापर्यंत पोहोचले. संस्थेतील इतर कलावंत त्यांची थट्टा करीत.

गॉर्डी काही काळ मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. तेथील पट्ट्यावर एका टोकाला नुसता सांगाडा चढतो आणि दुसऱ्या टोकाला तयार गाडी उतरते. गाण्यांच्या बाबतीतही असे करता येईल, ही कल्पना त्याला तेथेच सुचली, असे तो सांगत असे. मोटाउनमध्ये गीत-संगीत रचणारे वेगळे, वाद्ये वाजवणारा ताफा ठरलेला, चालणे-बोलणे आणि वेशभूषा शिकवणाऱ्या मॅक्सीन पॉवेल, पदन्यास बसवणारे चॉली अॅटकिन्स. शेवटी तयार गाणी बैठकीत ऐकून कोणते बाजारात पाठवायचे, ते ठरत असे. सुप्रीम्सच्या वाट्याला आली ती ब्रायन हॉलंड, लॅमाँट डोझियर आणि एडी हॉलंड या तिघांची जोडगोळी – खरे तर तिगोळी म्हणायला हवे! बारापैकी दहा गाणी या तिघांची आहेत.

यातले पहिले गाणे ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे संस्थेतील दुसऱ्या एका समूहाने नाकारलेले होते. सुप्रीम्सनाही ते आवडले नव्हते. आरंभी लाकडी फळ्यांवर पाय आपटल्याचा आवाज, मग डायनाचा खालच्या पट्टीतला, किंचित लाडिक स्वर आणि मागे दोघींची साथ, इतकाच त्याचा थाट. उन्हाळ्यात त्या एका फिरत्या कार्यक्रमात गेल्या तेव्हा जाहिरातीत त्यांना नगण्य स्थान होते. दौरा चालू असतानाच गाणे वर वर चढत गेले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये पहिल्या स्थानी पोहोचले. पाठोपाठ ‘बेबी लव्ह’, ‘कम सी अबाउट मी’, ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ आणि ‘बॅक इन माय आर्म्स अगेन’. जून १९६५ पर्यंत सलग पाच गाणी अग्रस्थानी! ‘बेबी लव्ह’ तर इंग्लंडमधील यादीतही पहिले आले.

हे यश किती मोठे होते, ते कळण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागेल. कृष्णवर्णीयांचे संगीत अमेरिकेत वेगळ्याच यादीत मोजले जाई. १९४९ पर्यंत त्या यादीच्या नावातच ‘वंश’ हा शब्द होता, नंतर तिला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ म्हणू लागले. सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदेशीर ठरवणारा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ रोजी संमत झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तीन कृष्णवर्णीय तरुणी सर्वांच्या सामायिक यादीत सर्वांच्या पुढे होत्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एड सुलिव्हन यांच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमातून देशभरच्या घरांत दिसल्या. कायद्याने उघडलेली दारे आणि गाण्याने उघडलेली दारे यांची तुलना करू नये, हे मला मान्य आहे. पण दोन्ही एकाच उन्हाळ्यात उघडली, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

सहावी तबकडी यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेली. शंभरांत अकरावा क्रमांक म्हणजे कोणत्याही कलावंताने पेढे वाटावेत! मोटाउनमध्ये मात्र खळबळ उडाली. सुप्रीम्सची जी गाणी निघतील ती पहिल्या क्रमांकाचीच असली पाहिजेत, असे लेखी फर्मान गॉर्डीने काढले. पुढचे गाणे, ‘आय हिअर अ सिंफनी’, खरोखरच पहिले आले. यश एकदा असे मोजले जाऊ लागले की पहिल्याखालचे प्रत्येक स्थान अपयशात जमा होते.

आतापर्यंत आपण ज्यांविषयी बोललो त्या मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकड्या. एका बाजूला एकच गाणे. दहा-बारा गाणी मावणाऱ्या मोठ्या तबकड्यांची, म्हणजे लाँग प्ले गीतसंचांची, यादी स्वतंत्र होती. तेथेही सुप्रीम्सनी विक्रम केला. १९६६ मध्ये त्यांचा ‘ए गो-गो’ हा संच बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ला मागे सारून अग्रस्थानी आला. त्या यादीत पहिले येणारा हा स्त्रियांच्या समूहाचा पहिला संच. बाकी संच मात्र सारख्या तोलाचे नाहीत. बीटल्सची गाणी, ग्रामीण ढंगाची गाणी, जुन्या नाटकांतील गाणी, असे काय काय त्यांच्याकडून गाऊन घेतले गेले. बाजार तापलेला असताना जास्तीत जास्त तबकड्या खपवायच्या, हा हिशेब त्यात उघड दिसतो.

दरम्यान समूहाचा तोल ढळत चालला होता. १९६१ मध्ये एका तबकडीवर मुख्य स्वर फ्लॉरेन्सचा होता. पुढे गॉर्डीने मुख्य गायनासाठी कायमची डायनाला निवडले. ज्या मुलीने समूह उभारला ती दोन ओळींच्या साथीपुरती उरली. ती दुखावली, मद्याकडे वळली, कार्यक्रम चुकवू लागली. १९६७ च्या उन्हाळ्यात तिला समूहातून काढून सिंडी बर्डसाँग हिला घेण्यात आले. समूहाचे नाव झाले ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. या नव्या नावाची पहिली तबकडी ‘रिफ्लेक्शन्स’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्यावरील साथीत फ्लॉरेन्सचा आवाज आहे, कारण गाणे ती असतानाच ध्वनिमुद्रित झाले होते.

विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे कलावंताला मिळणाऱ्या वाट्याला स्वामित्वधन म्हणतात. त्या काळच्या करारांत ध्वनिमुद्रणाचा खर्च आधी या वाट्यातून वळता करून घेतला जाई. म्हणून क्रमांक पहिला आला तरी हातात येणारी रक्कम मोठी असेलच, असे नव्हते. फ्लॉरेन्सला एकरकमी सुमारे १ लाख ३९ हजार डॉलर देऊन हिशेब मिटवण्यात आला. दुसऱ्या संस्थेसाठी तिने १९६८ मध्ये एकटीने गायिलेल्या दोन तबकड्या चालल्या नाहीत, आणि त्यांच्या जाहिरातीत सुप्रीम्सचे नाव वापरण्यास तिला मनाई होती. जे नाव तिनेच निवडले होते, ते! तिने न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. घर गेले. काही काळ तिने सरकारी निर्वाह-साहाय्यावर मुलींना वाढवले. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ती हृदयविकाराने वारली.

हॉलंड, डोझियर आणि हॉलंड हेही पैशांच्या वादातून संस्था सोडून गेले. त्यांच्यावाचून सुप्रीम्सना पहिला क्रमांक आणखी दोनदा मिळाला. १९६८ मधील ‘लव्ह चाइल्ड’ने बीटल्सच्या ‘हे ज्यूड’ला अग्रस्थानावरून हटवले. त्यात डायनामागे गाणाऱ्या मुली मोटाउनच्या नेहमीच्या साथगायिका होत्या.

बारावे गाणे ‘समडे वुइल बी टुगेदर’ डिसेंबर १९६९ मध्ये पहिले आले. ते मुळात डायनाच्या स्वतंत्र कारकिर्दीसाठी ध्वनिमुद्रित केले होते. मग ती समूह सोडून जाणार म्हणून निरोपाचे गाणे या नात्याने सुप्रीम्सच्या नावावर बाजारात आले. १४ जानेवारी १९७० रोजी लास व्हेगासच्या रंगमंचावर तिघींनी ते एकत्र गाऊन रसिकांचा निरोप घेतला. तबकडीवर मात्र डायनाखेरीज समूहातील कोणीही नाही. तिच्या मागचे स्वर ज्युलिया आणि मॅक्सीन वॉटर्स या भगिनींचे आहेत, आणि मधूनमधून ऐकू येणारा पुरुषाचा आवाज निर्माते जॉनी ब्रिस्टल यांचा. मेरी विल्सन १९५९ पासून समूह विसर्जित होईपर्यंत, म्हणजे १९७७ पर्यंत, त्यात राहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत राहिलेली ती एकटीच. २०२१ मध्ये ती निवर्तली. तिच्या नावापुढेही पहिल्या क्रमांकाची गाणी बाराच लिहिली जातात.