पटोळं जालन्याचं की पाटणचं?

बडोद्यातल्या मराठी घरांत पटोळ्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "अहो, ते मूळचं आपलंच, जालन्याचं!" हे वाक्य कितपत टिकतं ते बघावं म्हणून हा लेख. मी इंजिनियर माणूस. वस्तू कोणाची यापेक्षा ती बनते कशी हे आधी समजून घ्यायची सवय आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

साधारण साडीत रंगीत सूत मागावर चढतं आणि नक्षी विणताना तयार होते. आपल्या पैठणीत तेच होतं. विणकराजवळ वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या असतात. मोराच्या मानेशी आला की हिरवी थांबवून निळी घ्यायची, दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे आणि पुढं जायचं. पटोळ्यात याच्या बरोबर उलटं. संपूर्ण नक्षी विणण्याआधीच धाग्यावर रंगवलेली असते, आणि तीसुद्धा उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांवर, म्हणजे ताण्यावर आणि बाण्यावर.

कसं, ते सांगतो. रेशमाचे धागे ताणून त्यांच्या छोट्या छोट्या जुड्या करतात. नक्षीत जो भाग पांढरा राहायचा तिथं सुती दोऱ्यानं घट्ट बांध घालायचा आणि जुडी रंगात बुडवायची. बांधाखाली रंग शिरत नाही. मग काही बांध सोडायचे, काही नवे घालायचे, पुन्हा बुडवायचं. पिवळ्यावर नीळ चढली की हिरवा मिळतो. प्रत्येक रंगासाठी ही बांधणं-सोडणं नव्यानं. एका साडीचं नुसतं बांधणं आणि रंगवणंच अडीच महिने चालतं. या पद्धतीला जगभर 'इकत' म्हणतात. शब्द मलय भाषेतला, अर्थ बांधणे.

आता खरी मेख. आडवा लाल धागा उभ्या लाल धाग्यावरच पडला पाहिजे. दोन्ही लाल असले तर ठसठशीत लाल दिसतो. एक लाल आणि एक पांढरा आला तर गुलाबीसर, फिकट. एखाद्या जुडीचा ताण कमी-जास्त झाला किंवा रंगवताना रेशीम जरा आटलं, की नक्षी तेवढी सरकली. आम्ही कारखान्यात याला टॉलरन्स म्हणायचो, आणि तिथं मोजायला यंत्रं होती. इथं विणकर दर काही इंचांनी थांबतो, ताणा सैल करतो आणि सुईच्या टोकानं एकेक धागा सरकवून जागेवर आणतो. माग एका बाजूला कललेला असतो, त्यावर दोघं जण शेजारी बसतात. दिवसाला आठ-नऊ इंच विणून झालं तर चांगला दिवस. पटोळ्यातल्या हत्तीच्या कडा पिसासारख्या किंचित फिसकटलेल्या दिसतात, त्याचं कारण हेच. तो दोष नाही, दोन रंगवलेले धागे एकमेकांना भेटल्याची ती खूण आहे.

नक्षीला गुजरातीत 'भात' म्हणतात. (आपल्याकडच्या पाहुण्यांना हे पहिल्यांदा सांगितलं की जेवणाची वेळ झाली असं वाटतं.) कोणाला कुठली भात आवडली हा माझ्या मते सगळ्यात रसाळ भाग. नारीकुंजर भातीत चौकटीचौकटींत बाई, हत्ती आणि पोपट. लग्नकार्यात हिला मान. पान भातीत पिंपळाची पानं. वोरागजी भात दाऊदी बोहऱ्यांच्या आवडीची. तिच्यात माणूस नाही, प्राणी नाही, नुसती भौमितिक रचना. छाबडी भात म्हणजे टोपलीसारख्या गोलात फूल, आणि हिचा प्रवास सगळ्यांत लांबचा. गुजराती व्यापारी आणि पुढं डच कंपनी पटोळी आग्नेय आशियात नेत. तिथले राजे ती दरबारी वस्त्र म्हणून वापरत. जावाच्या दरबारी नर्तकींच्या अंगावरही पटोळं असे. ज्यांना खरं परवडत नव्हतं त्यांनी बाटिकमध्ये त्याची नक्कल केली. पेकलोंगनच्या बाटिकमध्ये 'जलाम्प्रांग' नावाची भात आहे, ती या छाबडी भातीचीच लेक. पाटणच्या विणकरानं बांध घातला आणि जावातल्या बाईनं मेणानं तो गिरवला! बालीत तेंगानान गावी दोन्ही धागे रंगवून गेरिंगसिंग नावाचं कापड विणतात, पण ते सुती असतं.

आता जालना. पाटणचे विणकर साळवी. त्यांच्यात चालत आलेली गोष्ट अशी, की सोळंकी राजा कुमारपाळ (कारकीर्द साधारण ११४३ ते ११७२) पूजेला रोज नवं पटोळं नेसत असे. ती पटोळी जालन्याहून येत. पुढं कळलं की जालन्याचा राजा ती आधी स्वतः वापरतो आणि मग विकायला काढतो. कुमारपाळाला हे पटलं नाही, म्हणून त्यानं सातशे साळवी कुटुंबंच पाटणला आणून वसवली.

गोष्ट म्हणून झकास. इतिहास म्हणून तिचे तुकडे वेगवेगळे तपासावे लागतात. 'सातशे' हा गोष्टीतला आकडा, तो गोल असतो. 'जालन्याचा राजा' म्हणजे फार तर एखादा मांडलिक असावा, कारण त्या काळात तो मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या आणि सेऊण यादवांच्या खेचाखेचीत होता. जालना-पैठण पट्ट्यात रेशमाचं विणकाम जुनं आहे हे खरं, पण तिथं आज टिकलेली पद्धत पैठणीची, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे नेमकी उलट. काही मंडळी कोकणातल्या साळवी आडनावाचा पुरावा देतात, तो मला मुळीच मान्य नाही. नावं जुळली म्हणून घरं जुळत नाहीत. आपला 'साळी' हा विणकरवाचक शब्द मात्र जवळचा आहे. माझं मत असं, की दक्षिणेकडून कारागीर आल्याची आठवण खरी असू शकते, पण ही बांधणी पाटणमध्येच नावारूपाला आली आणि तिथल्या घरांनीच ती जपली.

मराठी नातं हवंच असेल तर याहून भक्कम एक आहे. पाटण गायकवाडांचं होतं. दमाजीराव गायकवाड १७६८ साली पाटणलाच वारले, आणि १९४९ मध्ये बडोदा संस्थान विलीन होईपर्यंत ते गाव संस्थानातच राहिलं. याच संस्थानात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे माणूस, आणि रंगकाम हा तिथला एक मुख्य विषय. तो काळ युरोपातल्या कृत्रिम रंगांचा. मंजिष्ठेतला लाल रंग १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला, कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली. पुढं पटोळ्याच्या रंगकामातही हे रंग शिरले. वेळ वाचला, छटा भडक झाल्या. गेल्या काही दशकांत पाटणची घरं पुन्हा लाख, मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची साल यांकडं वळली आहेत. घरं मात्र आता बोटांवर मोजण्याइतकी, आणि साडीची किंमत लाखांत.

म्हणूनच बाजारात 'पटोळा' या नावाखाली बरंच काही खपतं. ओळखायला सोपं आहे. पदर उलटा करून बघा. पाटणचं असेल तर दोन्ही बाजूंनी नक्षी आणि रंग सारखेच. छापील असेल तर मागची बाजू फिकी. मग भिंग घ्या. फक्त आडव्या धाग्यात रंग बदलत असेल आणि उभा धागा एकाच रंगाचा असेल, तर ते राजकोटचं एकेरी इकत. त्याला खोटं म्हणू नये. तीही मेहनतच आहे, फक्त काम निम्मं.

आपल्यापैकी कोणाच्या ट्रंकेत आजीचं पटोळं निघालं, तर ड्रायक्लीनला टाकण्याआधी मंडळाच्या बैठकीला आणा. भात कोणती, किनार कशी, आणि ते कोणाच्या लग्नात कोणी दिलं होतं, एवढं टिपून घ्यायचं आहे.