वळशाची वाट

फ्रेंच समीक्षकांनी ज्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, असे नाव दिले, त्या अमेरिकन गुन्हेपटांपैकी ‘डीटूर’ (1945) हा एक होय. ‘डीटूर’ म्हणजे वळसा. अवघ्या 68 मिनिटांचा हा चित्रपट अल्प भांडवलाच्या एका लहान संस्थेने निर्माण केला. दिग्दर्शक एडगर उल्मर यांच्यापाशी भव्य नेपथ्य नव्हते. म्हणून न्यूयॉर्कचा रस्ता त्यांनी दाट धुक्यात बुडविला आणि मोटारीतील प्रसंग मागच्या पडद्यावर धावता रस्ता दाखवून चित्रित केले. ही काटकसर कथेला पोषकच ठरली.

प्रेयसीला भेटण्यासाठी लॉस एंजेलिसला निघालेल्या अल रॉबर्ट्स या पियानोवादकाला मोटारीत घेणारा गृहस्थ वाटेतच मरण पावतो. खुनाचा आळ येईल या भीतीने अल त्याचेच नाव धारण करतो. पुढे व्हेरा ते सोंग ओळखते आणि त्याला वेठीस धरते.

ही हकीकत आपण अलच्याच तोंडून ऐकतो. तो दैवाला बोल लावतो. परंतु प्रेत लपविण्याचा आणि नाव बदलण्याचा निर्णय त्याचाच असतो. त्याच्या शब्दावर कितपत विश्वास ठेवावा, हे चित्रपट प्रेक्षकावर सोपवितो. 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.