लायब्ररी आहे, पण सापडत नाही!

ओपनएसएसएल संगणकावर आहे. तरीही त्यावर विसंबणारे एखादे जुने सॉफ्टवेअर मूळ कोडवरून कंपाइल करू जाता ‘लायब्ररी सापडली नाही’ असा संदेश येतो आणि काम तेथेच अडते. इंटरनेटवरील देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या कोडचे हे तयार भांडार. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याची १.१.० ही आवृत्ती आली आणि अशा तक्रारींना तोंड फुटले. ‘एसएसएल लायब्ररी इनिट’ हे फंक्शन या आवृत्तीत प्रत्यक्ष लायब्ररीतून गेले. हेडर फाइलमध्ये त्याचे केवळ टोपणनाव उरले. जुन्या सॉफ्टवेअरची तपासणी-स्क्रिप्ट मात्र हेडर न वाचता थेट लायब्ररीतच ते नाव शोधते. नाव नाही, म्हणजे लायब्ररीच नाही, हा तिचा निष्कर्ष! दारावरची पाटी बदलली म्हणून पोस्टमनने परत फिरावे, तसाच हा प्रकार. येथे स्क्रिप्टच सुधारावी लागते.

याच आवृत्तीने आपल्या अंतर्गत रचनाही झाकून घेतल्या. पूर्वी प्रोग्राम त्यांत थेट हात घालीत. आता कंपाइलर ‘अपूर्ण प्रकार’ म्हणून त्यांना अडवतो. त्यावर कोड बदलण्यावाचून गत्यंतर नाही. याउलट कंपाइल सुरळीत होऊन जोडणीच्या वेळी एखाद्या फंक्शनचा पत्ता लागत नसेल, तर हेडर एका आवृत्तीचे व लायब्ररी दुसरीची, अशी गल्लत बहुधा झालेली असते. कोणत्या फोल्डरमधून काय उचलले जात आहे, ते आधी पाहावे. मार्ग दुरुस्त केल्यावर पूर्वीच्या अर्धवट फाइली पुसून बांधणी नव्याने करावी. जुनी १.०.२ आवृत्ती बसवून वेळ मारून नेण्याचा मोह टाळलेला बरा. तिचा सर्वसाधारण आधार २०१९ अखेरीस संपला आहे.

अडलेली बांधणी निदान डोळ्यांना दिसते. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली याहून वाईट घडले. एका तपासणी-साधनाचे इशारे थांबावेत म्हणून तेथील ओपनएसएसएलमधून दोन ओळी वगळण्यात आल्या. त्यांपैकी एक यादृच्छिकता मिसळणारी होती. किल्ली घडविताना अनिश्चित असे जवळपास काही उरले नाही. उरला तो चालू प्रोग्रामचा क्रमांक, आणि त्याची कमाल मर्यादा सामान्यतः ३२,७६८! एवढ्या किल्ल्या कोणालाही आधीच घडवून ठेवता येतात. मे २००८ मध्ये ल्युसियानो बेल्लो यांनी शोधलेला हा दोष जाहीर झाला, तोवर सॉफ्टवेअर विनातक्रार चालत होते. दुरुस्त पॅकेज बसवूनही भागले नाही. मधल्या काळात त्यावर घडविलेली प्रत्येक किल्ली टाकून नवी करावी लागली.